रावबहादुर दादोबा पांडुरंग व वाक्यातील शब्दांची जागा

इंग्रजीच्या वह्या तपासताना आम्हांस वर्षानुवर्षे एकच गोष्ट आढळते. विद्यार्थ्यास शब्द ठाऊक असतात, त्यांचे अर्थ ठाऊक असतात, क्रियापदाचा काळही त्याने बिनचूक साधलेला असतो. आणि तरीही वाक्य काही केल्या इंग्रजी वाटत नाही. तांबडी शाई उमटते ती एखाद्या लहानशा शब्दाखाली. तो शब्द खोटा नसतो, केवळ भलत्या जागी बसलेला असतो. आणि दहापैकी सात-आठ वेळा तो क्रियाविशेषण असतो. अशा वेळी मुलगा विचारतो की, येथे नाही तर कोठे ठेवू? या प्रश्नाचे उत्तर शोधीत मागे मागे गेले म्हणजे आपण ज्या गृहस्थापाशी येऊन पोहोचतो, त्याचे चरित्र या अंकात देण्याचे आम्ही योजिले आहे. राजे व सेनापती यांची चरित्रे मुलांच्या वाचनात पुष्कळ येतात. व्याकरणकाराचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही, आणि लिहिलेच तर कोणी वाचीत नाही!

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबई येथे झाला. पेशवाई अद्याप बुडावयाची होती, आणि आपल्या सोलापूरच्या किल्ल्यावर इंग्रजांचे निशाण लागण्यास चार वर्षांचा अवकाश होता. घराणे मूळचे वसईजवळील तर्खड गावचे, म्हणून तर्खडकर. वडिलांचे नाव पांडुरंग व आईचे यशोदा. ही दोन्ही नावे पुढे एका ग्रंथाच्या रूपाने आपणांस पुन्हा भेटावयाची आहेत. दादोबांचे दोन धाकटे बंधूही नावाजले. भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली 'बाँबे गॅझेट' पत्रात टोपण नावाने पत्रे लिहून कंपनी सरकारच्या कारभाराचे वाभाडे काढिले. डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी १८६७ साली प्रार्थनासमाजाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. एका घरात असे तिघे बंधू निपजावेत ही सामान्य गोष्ट नव्हे.

दादोबांचे पहिले शिक्षण त्या काळच्या रीतीप्रमाणे पंतोजींच्या शाळेत झाले. नंतर ते मुंबईतील नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या इंग्रजी शाळेत गेले. संस्कृत व फारसी याही भाषांचा त्यांनी अभ्यास केला. चार भाषा जाणणाऱ्या या तरुणाच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली असली पाहिजे. संस्कृतास व्याकरण होते, फारसीस होते, इंग्रजीस तर होतेच. परंतु ज्या भाषेत तो आईशी बोलत होता, तिचे व्याकरण त्या भाषेत लिहिलेले असे प्रचारात नव्हते.

मराठीवर कोणी काही लिहिलेच नव्हते असे मात्र नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. पोर्तुगीज भाषेत लिहिलेले एक मराठी व्याकरण १७७८ साली रोम शहरी छापून निघाले. डॉ. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूर येथे इंग्रजीतून मराठी व्याकरण प्रसिद्ध केले. या मिशनरी पुरुषांचे श्रम मोठे आहेत व त्यांचा आम्हांस अभिमान वाटतो. पण ही सारी पुस्तके परक्यास मराठी शिकता यावी म्हणून लिहिलेली होती. मराठी मुलास त्याची स्वतःची भाषा समजावून सांगावी हा हेतू त्यांत नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. आपल्याला जे आपोआप येते त्याचे नियम कशाला हवेत, असाच समज सर्वत्र होता. आजही पुष्कळ पालकांचा तोच समज आहे!

१८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, दादोबांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकर व गंगाधरशास्त्री फडके यांचीही व्याकरणे निघाली. परंतु शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालले ते दादोबांचे. पुढे लोक त्यांस मराठीचे पाणिनी म्हणू लागले ते याच ग्रंथामुळे.

या ग्रंथासाठी दादोबांपुढे जो नमुना होता, तो लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा. हे मरे कोण, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांचा जन्म १७४५ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया प्रांती झाला. न्यू यॉर्क येथे वकिली करून त्यांनी चांगले द्रव्य मिळविले. पण शरीर साथ देईना, म्हणून ते इंग्लंडात यॉर्क शहराजवळ येऊन राहिले. स्नायू इतके दुर्बल झाले की, पुढे त्यांस चालणेही अशक्य झाले. ते क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते. यॉर्क येथील क्वेकर मुलींच्या शाळेतील शिक्षिकांनी विनंती केल्यावरून त्यांनी खुर्चीत बसून हे व्याकरण रचिले व ते १७९५ साली छापले. मुलींच्या एका लहानशा शाळेसाठी एका पंगू गृहस्थाने लिहिलेले हे पुस्तक इंग्लंड-अमेरिकेत घरोघर गेले, समुद्र ओलांडून मुंबईस आले, आणि त्याच्या आधारे मराठीचे व्याकरण उभे राहिले. मरे १८२६ साली वारले. मराठी नावाची भाषा त्यांनी कधी ऐकली असेल असे आम्हांस वाटत नाही.

मरे यांनी क्रियाविशेषणाच्या जागेविषयी एक स्वतंत्र नियम दिला आहे. त्याचा आशय असा की, क्रियाविशेषण बहुधा विशेषणाच्या आधी, क्रियापदाच्या नंतर, आणि सहायक क्रियापद व मुख्य क्रियापद यांच्या दरम्यान पुष्कळदा येते. हा नियम सांगून झाल्यावर ते लागलीच कबूल करतात की, सर्व ठिकाणी लागू पडेल असा पक्का नियम कोणासही करता येणार नाही. वाक्य सहज वाहिले पाहिजे व अर्थ स्वच्छ कळला पाहिजे, हेच शेवटी पाहावयाचे. व्याकरणकाराने इतके प्रांजळपणे हात टेकावेत हे आम्हांस फार आवडते. परंतु ज्याच्या कानी जन्मापासून इंग्रजी पडले, त्यास सहज वाहणारे वाक्य ओळखता येते. आमच्या मुलांनी काय करावे?

त्यांनी प्रथम आपले मराठी वाक्य न्याहाळावे. 'रामू काल शाळेत निमूटपणे बसला' हे वाक्य घ्या. येथे आधी काळ, मग स्थळ, मग रीत, आणि शेवटी क्रियापद. आता हेच इंग्रजीत पाहा : 'रामू सॅट क्वायटली इन स्कूल यस्टर्डे.' आधी क्रियापद, मग रीत, मग स्थळ, मग काळ. कर्ता तेवढा जागच्या जागी राहिला आणि बाकीचे वाक्य आरशात पाहावे तसे उलटे झाले. पण उलटे झाले म्हणजे विस्कटले असे नव्हे. दोन्ही भाषांत क्रियापदाला अगदी बिलगून आहे ती क्रियेची रीत. स्थळ तिच्या पलीकडे. काळ सर्वांहून दूर. मराठीत क्रियापद शेवटी उभे राहते म्हणून ही रांग त्याच्या पुढे लागते, आणि इंग्रजीत ते आरंभीच येते म्हणून ती त्याच्या मागे लागते, इतकाच भेद. आमच्या वर्गात कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या तेलुगू, कोणाच्या उर्दू. आणि या चारही भाषांत क्रियापद शेवटीच येते. म्हणून चारही घरची मुले इंग्रजीत एकच चूक करतात. ही चूक बुद्धिमांद्याची नव्हे, हे पालकांनी लक्षात घ्यावे; ती आपापल्या मातृभाषेशी इमान राखल्याची आहे.

आता वाक्यात कर्म आले म्हणजे मात्र अडचण वाढते. 'ती इंग्रजी अस्खलित बोलते' असे आपण म्हणतो; क्रियाविशेषण कर्म व क्रियापद यांच्या मधोमध बसते. तोच शब्द तसाच मध्ये ठेवून मुलगा लिहितो, 'शी स्पीक्स फ्लुएंटली इंग्लिश.' पण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांचे सख्य एवढे घट्ट आहे की, सहसा तिसऱ्यास मध्ये शिरू देत नाहीत. म्हणून 'शी स्पीक्स इंग्लिश फ्लुएंटली' असेच लिहिले पाहिजे. 'ऑलवेज', 'ऑफन', 'नेव्हर' ही मंडळी मात्र शेवटी जात नाहीत. ती मुख्य क्रियापदाच्या आधी येतात : 'ही ऑलवेज कम्स अर्ली.' सहायक क्रियापद असेल तर त्याच्या व मुख्य क्रियापदाच्या मध्ये : 'आय हॅव नेव्हर सीन इट.' आणि नुसते 'इज' किंवा 'आर' असेल तर त्याच्या मागून : 'ही इज ऑलवेज लेट.' आपल्या मराठीत 'कधी' बरोबर 'नाही' लागतेच. इंग्रजीत 'नेव्हर' मध्ये 'नाही' आधीच दडलेले आहे, म्हणून तेथे दुसरे 'नॉट' नको.

सर्वांत चकवा देणारा शब्द 'ओन्ली'. त्याचे काम आपल्याकडे एक अक्षर करते : च. 'मीच गोविंदास पुस्तक दिले', 'मी गोविंदासच पुस्तक दिले', 'मी गोविंदास पुस्तकच दिले' : या तीन वाक्यांत तीन निरनिराळे अर्थ आहेत, आणि मराठी मूल चौथ्या वर्षी ते बिनचूक वापरते. हा 'च' ज्या शब्दावर जोर द्यावयाचा त्याच्या पाठीस चिकटतो. 'ओन्ली' लिहिताना त्या शब्दाच्या अगदी पुढे ठेवावा. आपल्या वाक्यात 'च' कोठे आहे हे ज्याने एकदा ओळखले, त्यास 'ओन्ली'ची जागा विचारण्यासाठी शिक्षकाकडे यावे लागत नाही. परंतु 'च' ओळखण्यास मराठीचे व्याकरण ठाऊक पाहिजे, आणि येथेच दादोबांचे ऋण आम्हांस जाणवते.

त्यांच्यावर आक्षेप असा घेतला जातो की, त्यांनी मराठीस इंग्रजीचा अंगरखा चढविला. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी त्यांच्या व्याकरणाची कसून चिकित्सा केली, आणि मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून पुष्कळ मुद्द्यांची नव्याने छाननी केली. आक्षेपात तथ्य आहे. 'घोडा चांगला धावतो' व 'घोडी चांगली धावते' या वाक्यांत चांगला, चांगली हे शब्द धावण्याची रीत सांगतात, म्हणजे काम क्रियाविशेषणाचे करतात. पण कर्त्याप्रमाणे त्यांचे लिंग बदलते, जे इंग्रजी 'वेल'चे कधी बदलावयाचे नाही. इंग्रजी साच्यात असे शब्द नीट बसत नाहीत. तथापि दादोबांनी सारे डोळे मिटून उचलले असे म्हणणे अन्यायाचे होईल. मरे यांनी शब्दांच्या नऊ जाती सांगितल्या, त्यांत पहिली 'आर्टिकल' ही. ती मराठीत नाही म्हणून गळाली, आणि आपण आज घोकतो त्या आठ जाती उरल्या. इंग्रजीत नामाच्या आधी येणारे 'इन', 'ऑन' आपल्याकडे नामाच्या मागे लागतात, म्हणून त्यांचे नावही 'आधी ठेवलेला' अशा अर्थाचे न होता शब्दयोगी असे झाले. अंगरखा परका खरा, पण बाह्या कापून आपल्या मापाच्या केलेल्या आहेत. शिवाय १८३६ सालचे पुस्तक दादोबांनी तसेच पडू दिले नाही. पुढच्या आवृत्त्यांतून ते आयुष्यभर त्यात सुधारणा करीत राहिले.

पोटासाठी त्यांनी जागोजाग चाकऱ्या केल्या. ऐन तारुण्यात माळव्यातील जावरा संस्थानच्या नबाबाचे ते शिक्षक होते. मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये व त्यानंतर सुरतेच्या इंग्रजी शाळेत त्यांनी शिकविले. सुरतेस मेहताजी दुर्गाराम, दिनमणिशंकर, दामोदरदास, दलपतराम आणि दादोबा असे पाच मित्र जमले. पाचांचीही नावे 'द' पासून! या मंडळींनी १८४४ साली मानवधर्मसभा स्थापिली. देव एक आहे, माणसाची जात एक आहे, आणि भुताखेतांचे मंत्र थोतांड आहेत, असे ते उघड सभेत सांगत. नंतर मुंबईस येऊन दादोबा शिक्षक तयार करण्याच्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख झाले. गावोगावच्या शाळांत त्यांचे व्याकरण पोहोचले त्यास हेही एक कारण होय.

मुंबईस १८४९ साली परमहंस सभा निघाली, तिचे अध्वर्यू दादोबाच होते. सुरतेची सभा उघड होती, ही मात्र गुप्त ठेविली. नवीन सभासदाने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा सर्वांदेखत खावा म्हणजे जातिभेद सोडल्याची खूण पटे. पण 'सर्वांदेखत' म्हणजे बंद दाराआड जमलेल्या मंडळीदेखत. बाहेर पडल्यावर प्रत्येक जण पुन्हा आपापल्या जातीत. सुमारे १८६० साली सभासदांच्या नावांचे कागद चोरीस जाऊन गुपित फुटले आणि सभा मोडली. याच मंडळीत वावरलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगाव येथे उघडपणे बाप्तिस्मा घेतला व त्याचे जे मोल द्यावे लागले ते दिले. ज्यास सत्य पटले त्याने ते दार उघडून सांगावे असे आम्ही मानतो, आणि म्हणून दादोबांची ही गुप्तता आम्हांस खटकते. पण वाळीत पडलेल्या कुटुंबास त्या काळी विहिरीचे पाणी बंद होई, मुलीबाळींची लग्ने अडत, प्रेतास खांदा मिळत नसे. ज्याच्यावर असा प्रसंग आला नाही त्याने जपून बोलावे. पावाचा तो तुकडा आज आपल्या डब्यात असतो आणि कोणी वळूनही पाहत नाही.

पुढे दादोबा डेप्युटी कलेक्टर होऊन अहमदनगरास गेले. १८५७ च्या धामधुमीत त्या जिल्ह्यात भिल्लांचा उठाव झाला, त्याच्या बंदोबस्तात त्यांनी केलेल्या कामगिरीबद्दल सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली. भिल्लांची बाजू त्या वेळी कोणी लिहून ठेविली नाही. ती असणार हे आज आपण जाणतो. त्याच १८५७ साली विधवाविवाहाच्या कैवारार्थ त्यांनी 'विधवाश्रुमार्जन' लिहिले. मराठी मुलांस इंग्रजीत शिरता यावे म्हणून रचिलेली 'इंग्रजी व्याकरणाची पूर्वपीठिका' १८६० सालची. ज्याने इंग्रजी व्याकरण पाहून मराठीचे लिहिले, त्यानेच चोवीस वर्षांनी मराठीच्या वाटेने इंग्रजीचे लिहावे, यात आम्हांस मोठे औचित्य दिसते.

१८६५ साली त्यांनी मोरोपंतांच्या 'केकावली'वर टीका लिहिली व तिला 'यशोदा पांडुरंगी' असे आईबापांचे नाव दिले. मोरोपंतांचे श्लोक वाचताना मुलांची जी त्रेधा उडते तिचे कारण हेच की, वृत्तासाठी शब्द आपली घरे सोडून भलतीकडे जाऊन बसलेले असतात. कर्ता एका चरणात, क्रियापद तिसऱ्यात, आणि ते कसे घडले हे सांगणारा शब्द आणखी कोठे. टीकाकाराचे पहिले काम अन्वय लावण्याचे, म्हणजे प्रत्येक शब्दाचा हात धरून त्यास त्याच्या जागी आणून बसविण्याचे. व्याकरणकारास हे काम किती प्रिय वाटले असेल! इंग्रजीचे जे वाक्य समजत नाही त्याचाही असाच अन्वय लावून पाहावा, असे आम्ही आमच्या वरच्या वर्गातील मुलांस नेहमी सांगतो.

उतारवयात स्वीडन देशचे तत्त्वचिंतक एमान्युएल स्वीडनबोर्ग यांचे ग्रंथ त्यांच्या हाती पडले. प्रभू येशू ख्रिस्ताविषयीचे स्वीडनबोर्ग यांचे विवेचन त्यांस इतके भावले की, त्यावरील आपले विचार त्यांनी इंग्रजीत लिहिले. ते पुस्तक १८७८ साली निघाले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. 'पारमहंसिक ब्राह्मधर्म' हे त्यांचे पुस्तक १८८० सालचे, त्यावरून त्यांचे मन अखेरपर्यंत कोणत्या प्रश्नांत गुंतले होते हे दिसते.

१८८१ साली, पहिल्या आवृत्तीनंतर पंचेचाळीस वर्षांनी, त्यांनी आपल्या व्याकरणाची 'पूरणिका' छापली. पुढल्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते वारले. आपले आत्मचरित्रही त्यांनी लिहिण्यास घेतले होते. त्यात आयुष्याच्या पूर्वार्धाचाच वृत्तांत आला आहे. ते हस्तलिखित अनंत काकबा प्रियोळकर यांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या शाळा, पंतोजी व घरे कशी होती हे ज्या मुलामुलींस पाहावयाचे असेल त्यांनी ते ग्रंथालयातून मागून घ्यावे.